भिंतीवरचा कागद वाचायला हवा



शाळेच्या पालकसभेत मुलांच्या गुणांविषयी बोलून झाले की पालक हळूच घरच्या अडचणींवर येतात. अलीकडे त्यात सर्वांत जास्त बोलले जाते ते दवाखान्याच्या बिलाबद्दल. कुणाची बांगडी गहाण पडलेली असते, कुणी म्हैस विकलेली असते, कुणी जमातीकडून कर्जे-हसना घेतलेले असते. म्हणून या महिन्यात आम्ही एकच विषय घेतला आहे. खासगी दवाखान्यांवर सरकारची देखरेख कशी असते, आजारपणाचा पैसा सरकारकडून कुठे आणि कसा मिळतो, आणि तो आपल्या घरापर्यंत का पोहोचत नाही?

आमचा भाग भोर आणि वेल्हे. वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे, पण लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे. भोरला उपजिल्हा रुग्णालय आहे, वेल्ह्याला ग्रामीण रुग्णालय आहे आणि गावोगावी प्राथमिक आरोग्य केंद्रे व उपकेंद्रे आहेत. तरीही आजार जरा वाढला की माणसे खासगी दवाखाना गाठतात आणि तिथून पुणे. भोरहून पुणे पन्नासेक किलोमीटर, वेल्ह्याहून साठेक. भाटघर किंवा नीरा-देवघर धरणाच्या मागच्या वाड्यांतून, तोरण्याच्या पायथ्याच्या वस्त्यांतून निघायचे तर मुख्य रस्त्याला लागेपर्यंतच तासभर जातो. पावसाळ्यात दरड कोसळली तर विचारूच नका. अशा घाईत रात्री अकरा वाजता माणूस ज्या दवाखान्याचा दिवा चालू दिसेल तिथे जातो. तिथला कागद वाचायला त्या वेळी कुणालाही सुचत नाही. म्हणूनच तो आधी, घरात सगळे धडधाकट असताना वाचायला हवा.

१९४९ चा कायदा

परदेशात ‘नर्सिंग होम’ म्हटले की वृद्धांची शुश्रूषा करणारी जागा डोळ्यांसमोर येते. आपल्याकडे दहा-पंधरा खाटांच्या खासगी दवाखान्याला नर्सिंग होम म्हणतात. या नर्सिंग होमसाठी आपल्या राज्यात १९४९ पासून कायदा आहे. तेव्हा त्याचे नाव ‘बॉम्बे नर्सिंग होम्स रजिस्ट्रेशन ॲक्ट’ होते, आता त्याला महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा म्हणतात. आजारी, जखमी किंवा अशक्त माणसाला ठेवून घेऊन त्याच्यावर उपचार आणि शुश्रूषा करणारी कोणतीही जागा या कायद्याच्या व्याख्येत येते. बाळंतपणाचा दवाखानाही त्यात येतो.

कायद्याचे म्हणणे सोपे आहे. नोंदणीशिवाय नर्सिंग होम चालवता येणार नाही. नोंदणीचे प्रमाणपत्र सहज दिसेल अशा जागी लावले पाहिजे. ठरावीक मुदतीने त्याचे नूतनीकरण झाले पाहिजे. तिथे पात्र डॉक्टर आणि पात्र नर्स असल्या पाहिजेत. नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याला आत येऊन तपासणी करण्याचा अधिकार आहे. शहरात हे काम महापालिकेकडे असते आणि ग्रामीण भागात जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेकडे.

जानेवारी २०२१ मध्ये राज्य सरकारने या कायद्याखालच्या नियमांत मोठी दुरुस्ती केली. त्यामुळे आता दवाखान्याला दोन आणखी कागद भिंतीवर लावावे लागतात. एक म्हणजे दरपत्रक : खाटेचे दिवसाचे भाडे किती, डॉक्टरांची फी किती, ऑपरेशन थिएटरचे किती वगैरे. दुसरा म्हणजे रुग्णहक्कांची सनद. आजाराची आणि उपचाराची माहिती मिळणे, संमतीशिवाय ऑपरेशन न होणे, तपशीलवार बिल मिळणे, दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेता येणे, आपले कागद मिळणे, हे हक्क त्यात येतात. शिवाय तक्रार कुणाकडे करायची याची व्यवस्थाही नियमांत सांगितली आहे.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. दरपत्रक लावायचे बंधन आहे; दर किती असावा हे हा नियम सांगत नाही. सरकारने ठरवले तर दरावर मर्यादा घालता येते, हे आपण कोरोनाच्या काळात पाहिले. मे २०२० मध्ये अधिसूचना निघाली आणि खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांसाठी दर बांधून दिले गेले. साध्या वॉर्डाला दिवसाला ४,०००, आयसीयूला ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह आयसीयूला ९,००० रुपये. बिले तपासायला लेखापरीक्षक बसवले गेले आणि काही घरांना जास्तीचे पैसे परतही मिळाले. साथ ओसरली, अधिसूचनेची मुदत संपली आणि पुन्हा ज्याचा त्याचा दर सुरू झाला.

तपासायला कोण जातो?

कायदा कितीही चांगला असला तरी वही तपासणारा हवा. आम्ही शिक्षक आहोत, म्हणून हे अनुभवाने सांगतो. वही तपासली जाणार नाही हे वर्गाला एकदा कळले की गृहपाठ बंद पडतो.

सांगली जिल्ह्यातील म्हैसाळचे प्रकरण अनेकांना आठवत असेल. मार्च २०१७ मध्ये तिथे ओढ्याकाठी १९ भ्रूण पुरलेले सापडले. होमिओपॅथीची पदवी असलेला एक डॉक्टर गावात दवाखाना चालवून बेकायदा गर्भपात करत होता. एका तरुण स्त्रीच्या मृत्यूमुळे ते उघडकीस आले. त्यानंतर राज्यभर दवाखाने तपासण्याची मोहीम निघाली. म्हणजे तपासणी करता येत होती, पण ती होण्यासाठी एका बाईचा जीव जावा लागला.

दुसरी उणीव कायद्यातच आहे. १९४९ चा हा कायदा सरकारच्या आणि स्थानिक संस्थांच्या रुग्णालयांना लागू होत नाही. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळे दगावली. रुग्णालय सरकारी होते. खासगी दवाखान्याकडून आगीपासून सुरक्षिततेचा दाखला मागणाऱ्या सरकारने स्वतःच्या रुग्णालयालाही तेच माप लावायला नको का? केंद्र सरकारने २०१० मध्ये ‘क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स’ कायदा केला आणि तो सरकारी व खासगी अशा दोन्हींना लागू आहे. महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. आपले काम अजून १९४९ च्या कायद्यावरच चालले आहे.

सरकारी दवाखान्यांच्या बाबतीत एक चांगला प्रयोग मात्र आपल्याच जिल्ह्यात झाला. २००७ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ‘लोकाधारित देखरेख’ सुरू झाली. महाराष्ट्रात पहिल्या टप्प्यात पाच जिल्हे घेतले, त्यांत पुणे जिल्हा होता. पुण्याच्या ‘साथी’ या संस्थेकडे राज्याच्या समन्वयाचे काम होते. गावातली माणसे आरोग्य केंद्रात जाऊन पाहत : औषधे आहेत का, डॉक्टर हजर असतात का, बाळंतिणीकडून पैसे मागितले जातात का. मग कागदावर हिरवा, पिवळा किंवा लाल रंग द्यायचा. हिरवा म्हणजे चांगले, लाल म्हणजे वाईट. नंतर जनसुनवाई व्हायची आणि अधिकाऱ्यांना लोकांसमोर उत्तर द्यावे लागायचे. अक्षर न येणारी बाईसुद्धा तो रंग वाचू शकत होती. आमच्या मते देखरेखीची यापेक्षा चांगली रीत क्वचितच असेल. खासगी दवाखान्यांसाठी असे काहीच नाही.

पैसा आहे, पण रांग वेगळी आहे

आता पैशाकडे येऊ. इथे गैरसमज फार आहेत, म्हणून एकेक गोष्ट सांगतो.

पहिली गोष्ट सरकारी रुग्णालयांची. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केस पेपरपासून ऑपरेशनपर्यंत सर्व काही मोफत आहे. भोरचे उपजिल्हा रुग्णालय आणि वेल्ह्याचे ग्रामीण रुग्णालय याच विभागाकडे येतात. सरकारी दवाखान्यातले बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, त्याही आधी, २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमापासून मोफत आहे. त्यात औषधे, जेवण आणि ने-आण येते. गाडीसाठी १०८, बाळंतिणीसाठी १०२.

दुसरी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ मध्ये ती राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचे नाव दिले गेले. आता ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेला जोडली आहे. कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार त्यातून होतात. पूर्वी ती पिवळ्या-केशरी कार्डापुरती होती. आता पांढरे कार्ड असणाऱ्यांनाही घेतले आहे. यादीतील रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ नावाचा माणूस बसलेला असतो. त्याच्याकडे रेशनकार्ड आणि आधारकार्ड दाखवायचे, पुढची मंजुरी तो घेतो. चौकशीसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे.

मग अडते कुठे? आमच्या ओळखीच्या एका घरातली गोष्ट सांगतो. दादी न्हाणीघरात घसरल्या, खुब्याचे हाड मोडले. मुलाने रात्री पुण्याला नेले. काउंटरवर अनामत मागितली. सुनेच्या पाटल्या गहाण ठेवून ती भरली आणि ऑपरेशन झाले. घरी आल्यावर कुणीतरी सांगितले की ते रुग्णालय योजनेत होते. रेशनकार्ड घरी पेटीत होते. मुलगा परत गेला तेव्हा उत्तर मिळाले, आता काही होत नाही. ते उत्तर नियमाला धरूनच होते. या योजनेत आधी खिशातून भरायचे आणि मग सरकारकडून परत घ्यायचे अशी सोय नाही. दाखल होतानाच नोंद करावी लागते. पण काउंटरवरच्या माणसाने “कार्ड आहे का?” एवढे तीन शब्द विचारले असते तर त्या पाटल्या आज घरात असत्या. ते विचारण्याची सक्ती आणि न विचारल्यास कारवाई, हेच देखरेखीचे काम आहे.

आणखी एक अडचण म्हणजे योजनेत ठरावीक यादीतील उपचारच येतात. साधा ताप, जुलाब, दोन दिवसांचे सलाईन, बाहेरची गोळ्या-औषधे त्यात येत नाहीत. तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये बहुतेक माणसे याच कारणांनी जातात. म्हणून मोठ्या आजाराला पाच लाख आहेत आणि छोट्या आजाराला खिसा.

तिसरी सोय धर्मादाय रुग्णालयांची. ट्रस्टची जी रुग्णालये सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ अअ खाली येतात, त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी बिलाच्या रकमेतून दोन टक्के वेगळे काढून निधी ठेवायचा असतो. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर मोफत, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर सवलत. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड लागते. पुण्यातील अनेक नामांकित रुग्णालये यात आहेत. २०२५ मध्ये पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयाने एका गर्भवतीच्या घरच्यांकडे दहा लाखांची अनामत मागितल्याचा आरोप झाला. पुढे दुसऱ्या रुग्णालयात जुळ्या मुलींना जन्म देऊन ती वारली. राज्यभर संताप झाला, चौकशी समित्या बसल्या आणि तातडीच्या रुग्णाकडून अनामत घेणार नाही असे रुग्णालयाने जाहीर केले. तोपर्यंत ‘धर्मादाय’ हा शब्द किती जणांनी पाटीवर वाचला होता?

तातडीच्या रुग्णाला प्रथम उपचार द्यावेत, पैशाची आणि पोलिसांची कागदपत्रे नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले आहे. १९९६ मध्ये बंगालमधील एका शेतमजुराच्या प्रकरणात न्यायालयाने सरकारलाही बजावले. रेल्वेतून पडून जखमी झालेल्या त्या माणसाला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी ‘खाट नाही’ म्हणून परत पाठवले होते. पैसा नाही म्हणून जीव वाचवण्याची जबाबदारी टाळता येत नाही, असा तो निकाल आहे. बिल बाकी आहे म्हणून रुग्णाला अडकवून ठेवणेही बेकायदा आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले आहे.

अंथरुणाला खिळलेल्यांचे काय?

इथवर उपचारांचे झाले. शुश्रूषेचे काय? आमच्या दोन्ही तालुक्यांत तरुण पोरे पुण्याला किंवा मुंबईला कामाला आहेत. गावात मुलाण्यांच्या, तांबोळ्यांच्या, शेखांच्या घरांत आणि शेजारच्या मराठा-धनगरांच्या घरांतही म्हातारी माणसे उरली आहेत. अर्धांगवायूने पडलेल्या अब्बांना कूस बदलून देणे, पाठीला जखम होऊ न देणे, नळीने अन्न भरवणे, हे काम महिनोन् महिने चालते. बहुतेक घरांत ते सून करते, नाहीतर माहेरी बोलावलेली लेक.

सरकारने २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, आयुष्मान वय वंदना कार्डावर पाच लाखांपर्यंतचे उपचार दिले. फार चांगली गोष्ट झाली. पण ते रुग्णालयातल्या उपचारांसाठी. डिस्चार्ज मिळाल्यावर घरी जी सहा महिने सेवा लागते तिला त्यातून रुपया मिळत नाही. शहरात ब्युरोकडून बाई किंवा मामा मिळतो, पण त्यांचे शिक्षण कोण तपासतो? आणि तो पगार आमच्या भागात किती घरांना परवडतो? आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांसाठी एक वृद्धाश्रम, अशी तरतूद आहे. पण त्यातले शब्द सरकार ‘स्थापन करू शकेल’ असे आहेत. व्याकरण शिकवणाऱ्या आम्हाला ‘करील’ आणि ‘करू शकेल’ यांतला फरक चांगला कळतो.

आईवडिलांची सेवा हे आपल्याकडे फर्ज मानले जाते आणि ते आपण कुणावर ढकलू इच्छित नाही. पण फर्ज घराचे आहे म्हणून सरकारची जबाबदारी संपत नाही. आठवड्यातून एकदा प्रशिक्षित सिस्टर घरी येऊन जखम पाहून गेली, सुनेला कूस बदलण्याची रीत शिकवून गेली, तरी किती त्रास वाचेल! ग्रामीण रुग्णालयांतून हे करता येण्यासारखे आहे आणि मागण्यासारखेही आहे.

आपण काय करावे?

आपल्या जमातींत माशाअल्लाह मदत करणारे हात खूप आहेत. रमजानमध्ये जकातीचा मोठा भाग आजारपणाच्या बिलांवर जातो. आमची विनंती अशी की, बिल घेऊन कुणी आले तर जमातीने पैसे देण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. रुग्णालय योजनेत आहे का? ते धर्मादाय आहे का? हाच उपचार भोरला किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात मोफत होतो का? जे सरकारने द्यायचे ते सरकारकडून घ्यावे आणि जकात-सदका जिथे कोणतीच योजना पोहोचत नाही तिथे लावावा. पुण्याच्या फेऱ्यांचे भाडे, सोबत राहणाऱ्याचे जेवण, बुडालेली मजुरी, अंथरुणावरच्या रुग्णाची शुश्रूषा, हे खर्च तसलेच आहेत.

प्रत्येक घरात एक फाइल असावी. तिच्यात रेशनकार्ड, सर्वांचे आधारकार्ड, उत्पन्नाचा दाखला, सत्तरीवरील माणसांचे कार्ड आणि जुने रिपोर्ट ठेवावेत. ती कुठे आहे हे सुनेलाही माहीत असावे, शाळकरी नातवालाही. आपल्या भागातील कोणती रुग्णालये योजनेत आहेत ते १५५३८८ वर विचारून एका कागदावर लिहून ठेवावे आणि तो कागद मशिदीच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. हा कागद सर्व गावाचा असावा. आजार जात-धर्म विचारून येत नाही.

दवाखान्यात गेल्यावर भिंतीकडे पाहावे. नोंदणीचे प्रमाणपत्र आहे का, त्याची मुदत संपली आहे का, दरपत्रक आणि सनद आहे का? नसेल तर अदबीने विचारावे. चांगले डॉक्टर आपल्या तालुक्यांत आहेत, रात्री-अपरात्री उठून येणारे आहेत, त्यांना अशा प्रश्नाचा राग येत नाही. तरीही उत्तर मिळाले नाही तर तालुका आरोग्य अधिकारी किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयातील जिल्हा शल्यचिकित्सक यांना साध्या कागदावर अर्ज करावा आणि पोच घ्यावी. एखाद्या दवाखान्याची शेवटची तपासणी कधी झाली हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत विचारता येते. दारिद्र्यरेषेखालील घराला तेही लागत नाहीत. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. मराठीच्या पेपरात औपचारिक पत्राला गुण असतात. मुलांना या वेळी सरावासाठी हाच अर्ज लिहायला द्या. उर्दू शाळेतल्या मुलांनाही द्या, कारण कचेरीत मराठीच लागते.

सरकारकडे आपले मागणे फार मोठे नाही. दवाखान्यांच्या तपासणीचा अहवाल लोकांना पाहता यावा. सरकारी रुग्णालयालाही तेच माप लागावे. दाखल होताना कार्ड विचारणे बंधनकारक व्हावे. आणि घरच्या शुश्रूषेसाठी काही निधी निघावा. ग्रामसभेत हे चार ठराव मांडता येतात. पुढच्या ग्रामसभेला जाताना बायकांनाही सोबत न्या. आजाऱ्याच्या उशाशी त्याच बसतात, त्यांनाच जास्त माहीत असते.

अल्लाह सर्वांना तंदुरुस्ती देवो. फाइल मात्र आजच करून ठेवा.